श्वास रोखून धरलेले पाच आठवडे

३ जानेवारीला संध्याकाळी जिना उतरताना पाय घसरला आणि उजवी कूस पायरीच्या कडेवर आपटली. एवढ्याशा गोष्टीतून पुढे एक्स-रे, सोनोग्राफी, सिटी स्कॅन आणि एमआरआय अशा चार तपासण्या पाठोपाठ झाल्या. शेवटची ९ फेब्रुवारीला. मधल्या बऱ्याच दिवसांत मला एवढंच माहीत होतं की माझ्या यकृतात एक डाग आहे आणि तो कसला, हे अजून कुणाला ठामपणे सांगता येत नाही.

त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत मी माहिती शोधत बसायचे. सापडायचं ते एकतर आजारांच्या नावांनी भरलेलं, नाहीतर थेट भौतिकशास्त्राचं पुस्तक. टेबलावर आडवं झाल्यावर काय होतं, यंत्र तेव्हा नेमकं काय मोजत असतं आणि आपण तिथे काय करायचं असतं, हे एका जागी कुठे मिळालं नाही. मी डॉक्टर नाही, माझं काम हिशेबाचं. पुढे लिहिलंय ते टेक्निशियन आणि रेडिओलॉजिस्टना विचारून, आणि मग घरी वाचून समजून घेतलेलं आहे.

५ जानेवारीला डॉक्टरांनी बरगड्यांचा एक्स-रे सांगितला. बाहेर चाळीस मिनिटं बसले, आत पाच मिनिटंही लागली नाहीत. दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, हा पहिला प्रश्न. मग गळ्यातली साखळी आणि हुक असलेले कपडे काढून सैल गाऊन घालायचा. 'श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका… सोडा.' खोल श्वास घेताना बरगडीत अशी कळ आली की तो मी अर्ध्यावरच थांबवला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

एक्स-रे म्हणजे मुळात सावली. नळीच्या आत इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने टंगस्टनवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेतला जेमतेम एक टक्का क्ष-किरण होऊन बाहेर पडतो, बाकीची सगळी उष्णता होते. हे किरण शरीरातून पलीकडे जाताना वाटेत अडतात. हाडात कॅल्शियम असतं म्हणून तिथे जास्त, हवेने भरलेल्या फुफ्फुसात फारच कमी. पलीकडच्या पॅनेलवर जिथे किरण कमी पोचले तो भाग पांढरा दिसतो. विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, बोटातल्या अंगठीसकट. तत्त्व अजून तेच आहे, फिल्मच्या जागी डिजिटल पॅनेल आलं एवढंच.

सावलीची अडचण अशी की पुढचं मागचं सगळं एकावर एक पडतं. त्यात बरगडी गोलाकार वळलेली. तिच्यातली बारीक चीर किरणांच्या रेषेत आली तर दिसते, नाहीतर हाडाच्या सावलीतच मिसळून जाते. माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की उघड फ्रॅक्चर दिसत नाही. मी ते 'फ्रॅक्चर नाही' असं वाचलं आणि निर्धास्त झाले. 'उघड' हा शब्द तिथे उगाच लिहिलेला नव्हता, हे तीन आठवड्यांनी कळलं.

आठवडाभर गोळ्या घेऊनही दुखणं हटेना. मार यकृतापर्यंत पोचला नाही ना, हे बघायला १३ जानेवारीची सोनोग्राफी ठरली. सहा तास काही खायचं नाही, थोडं पाणी चालेल, असं फोनवर सांगितलं होतं. कारण विचारलं तेव्हा कळलं की खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं, मग ते नीट बघता येत नाही. शिवाय आतड्यातल्या हवेचा त्रास कमी व्हावा हाही हेतू असतो. आवाजाची लाट हवेपाशी आली की जवळजवळ सगळीच्या सगळी मागे फिरते, तिच्या पलीकडचं काही दिसत नाही. पोटावर थंडगार जेल लावतात तीही याचसाठी. कातडी आणि प्रोब, म्हणजे पोटावरून फिरवायचं हातातलं उपकरण, यांच्या मधली हवेची पातळ फट त्याने भरून निघते.

प्रोबमध्ये काही खास पदार्थांच्या बारीक पट्ट्या असतात. वीज दिली की त्या थरथरतात, आणि बाहेरून थरथर आली की वीज निर्माण करतात. दाबाने वीज निर्माण करण्याचा हा गुण जॅक आणि पिएर या क्युरी भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवला होता. पोट बघताना साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात, म्हणजे कानाच्या कक्षेच्या कितीतरी वर. यंत्र एक सूक्ष्म ठोका देतं आणि लगेच गप्प राहून प्रतिध्वनी ऐकतं. शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो असं ते धरून चालतं. त्या हिशेबाने एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली ठरते, किती जोराने आला यावरून ठिपक्याचा उजेड. असे ठोके सेकंदाला हजारोंनी पडतात, म्हणून पडद्यावरचं चित्र हलतं दिसतं.

यकृत बरेचसे बरगड्यांच्या आड असतं. खोल श्वास घेतला की ते खाली सरकतं आणि प्रोबच्या टप्प्यात येतं. त्यामुळे इथेही तेच: 'मोठा श्वास घ्या, धरा.' मला धरवेना. रेडिओलॉजिस्ट बाईंनी डाव्या कुशीवर वळवलं, बरगड्यांच्या फटीतून प्रोब तिरका केला. मग तो एकाच जागी परत परत येऊ लागला. बटणाचा टिक असा आवाज, पडद्यावर एक फुली, पुन्हा टिक, दुसरी फुली, मध्ये तुटक रेघ. मोजमाप चाललंय हे न सांगताही समजलं. मी विचारलं, "काही आहे का?" त्या म्हणाल्या, "मार लागल्याचं काही दिसत नाही. एक लहान जागा वेगळी दिसतेय, ती मी रिपोर्टमध्ये लिहिते. तुमच्या डॉक्टरांना दाखवा." आवाजात घाई नव्हती, पण मला फक्त 'वेगळी' हा शब्द घरापर्यंत पुरला.

रिपोर्टमध्ये होतं: यकृताच्या उजव्या भागात १९ मिमीचा हायपरएकोइक लीजन. हायपरएकोइक म्हणजे आजूबाजूपेक्षा जास्त प्रतिध्वनी देणारा, म्हणून उजळ. लीजन म्हणजे निव्वळ वेगळी दिसणारी जागा, मग ती कशामुळेही असो. हे आज शांतपणे लिहिता येतंय. त्या रात्री मी तो शब्द गाठीसारखा वाचला आणि झोपले नाही.

१५ जानेवारीला ताई माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली. ती वहीत लिहून घेत होती. ते फार बरं झालं, कारण यकृतात डाग आहे हे वाक्य पूर्ण झाल्यावर पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. तिच्या वहीत असं होतं: बहुधा हिमॅन्जिओमा असावा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. यकृतात सापडणाऱ्या निरुपद्रवी गाठींमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. वाहिन्यांच्या असंख्य भिंती आवाज परत फेकतात म्हणून तो सोनोग्राफीत उजळ दिसतो. पण उजळ दिसणाऱ्या दुसऱ्याही गोष्टी असतात, आणि सोनोग्राफी तिथे रक्त कसं भरतं ते पुरेसं दाखवत नाही. ते बघायला सिटी स्कॅन.

इथे एक चूक झाली, ती सांगते, म्हणजे तुमचा एक दिवस वाचेल. चिठ्ठीवर नुसतं 'सिटी स्कॅन, पोट' एवढंच लिहिलेलं होतं. २० जानेवारीला चार तास उपाशी राहून आम्ही केंद्रावर पोचलो. काउंटरवर विचारलं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात रक्त उठून दिसावं म्हणून टोचायचं औषध, देऊन की न देता? एक फेज, म्हणजे चित्रं घ्यायचा एक टप्पा, की तीन? क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठे आहे? आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, डॉक्टरांचा फोन लागेना, आणि तासाभराने आम्हाला परत पाठवलं. मला तेव्हा भयंकर राग आला. आज वाटतं की त्यांनी बरोबर केलं. प्रश्न माहीत नसताना स्कॅन काढला असता तर किरणही अंगावर घेतले असते आणि उत्तरही मिळालं नसतं. चिठ्ठी हातात पडली की तिथेच वाचा. कोणता भाग, कॉन्ट्रास्ट आहे का, आणि कशासाठी बघायचंय, या तीन गोष्टी तिच्यात हव्यात. माझ्या दुसऱ्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं: ट्रायफेजिक (तीन फेजचा) सिटी, यकृतातल्या १९ मिमीच्या डागाचं स्वरूप ठरवण्यासाठी. क्रिएटिनिनची रक्ततपासणी २१ तारखेला करून घेतली. कॉन्ट्रास्टचं औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून ती आधी नीट चालतात ना हे बघतात.

२४ जानेवारी. फॉर्मवर दम्याचा त्रास, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, थायरॉइड, मधुमेहाच्या गोळ्या, सगळं विचारलेलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी हे आवर्जून सांगायचं असतं, काही जणांना ती थोडे दिवस थांबवायला सांगतात. कोपराच्या लवणीत कॅन्युला लावली, नेहमीच्या सलाईनच्या सुईपेक्षा जाड. औषध पंपाने सेकंदाला तीन-चार मिली अशा वेगाने ढकलायचं असतं, बारीक शिरेला ते सोसत नाही. टेक्निशियनने सांगितलं, "औषध गेलं की अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटेल, तोंडात धातूची चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. झालेली नसेल. घाबरू नका." अगदी तसंच झालं. आधी सांगितलं नसतं तर मी नक्की उठून बसले असते. अर्ध्या मिनिटात ते सगळं ओसरलं.

सिटीमध्ये क्ष-किरणच असतात, पण एका बाजूने एक सावली घेऊन ते थांबत नाहीत. त्या मोठ्या कड्याच्या आत नळी आणि तिच्या समोरची शोधकांची रांग आपल्याभोवती फिरते, एक फेरी सेकंदाच्याही आत, आणि त्या एका फेरीत शेकडो कोनांतून सावल्या घेते. टेबल त्याच वेळी पुढे सरकत असतं. मग गणित सुरू होतं. हिशेबाच्या माणसाला हे पटकन समजतं. एखाद्या तक्त्यातले आकडे पुसले गेलेत, पण प्रत्येक आडव्या ओळीची, उभ्या रकान्याची आणि प्रत्येक तिरक्या रेषेची बेरीज तुमच्याकडे आहे. पुरेशा दिशांनी बेरजा असल्या तर प्रत्येक घरातला आकडा परत काढता येतो. योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ मध्येच याचा पाया घातला होता. अ‍ॅलन कॉरमॅक यांनी १९६० च्या दशकात ते क्ष-किरणांना लावून दाखवलं आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी यंत्र बांधलं. लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. ते चित्र ८० गुणिले ८० घरांचं होतं. आज एका कापात ५१२ गुणिले ५१२ घरं सर्रास असतात. १९७९ चं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड दोघांना मिळालं.

प्रत्येक घरातल्या आकड्याला हाउन्सफील्डचंच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, घट्ट हाड हजारच्या घरात. यकृत आणि त्यातला डाग यांच्यात मात्र मुळात थोड्याच आकड्यांचा फरक असतो, म्हणून कॉन्ट्रास्ट लागतो. त्यात आयोडीन असतं. आयोडीनचा अणू जड, तो क्ष-किरण चांगले अडवतो, त्यामुळे जिथे रक्त जाईल ती जागा उजळते.

आणि इथे वेळ महत्त्वाची. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं, सुमारे पाव हिस्सा धमनीतून आणि उरलेलं आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून. औषध टोचल्यापासून सुमारे ३५ सेकंदांनी धमनीतलं रक्त दिसतं, ७० सेकंदांच्या आसपास पोर्टल शिरेतलं, आणि काही मिनिटांनी शेवटचा टप्पा. यकृताच्या पेशींचा कर्करोग बहुतेकदा पहिल्या टप्प्यात झटकन उजळतो आणि नंतर आजूबाजूपेक्षा फिका पडतो. हिमॅन्जिओमा कडेने ठिपक्याठिपक्यांनी भरायला लागतो आणि हळूहळू आत भरत जातो. म्हणजे सगळा निवाडा या तीन क्षणांवर असतो.

त्यातल्या पहिल्याच क्षणी माझा श्वास सुटला. अंगात गरम लाट, कानात रेकॉर्ड केलेला आवाज 'श्वास घ्या, धरा', आणि बरगडीत सुरी फिरल्यासारखी कळ. मी चार सेकंदही थांबू शकले नाही. बाहेर आल्यावर टेक्निशियनला तसं सांगितलं. तो म्हणाला, "हो, दिसलं मला. डॉक्टर बघतील." पुढचे दोन टप्पे मी कसेबसे निभावले.

२७ जानेवारीचा रिपोर्ट दोन पानी होता. डाग १८ मिमी. पहिल्या फेजची चित्रं हालचालीमुळे अस्पष्ट. डागाचं स्वरूप इनडिटरमिनेट, म्हणजे अनिश्चित, एमआरआयचा विचार करावा. आणि दुसऱ्या पानावर एक ओळ अशी की उजव्या नवव्या बरगडीला न सरकलेली बारीक चीर आहे.

ती ओळ मी किती वेळा वाचली असेन. तीन आठवडे जे दुखत होतं ते खरंच मोडलेलं हाड होतं. एक्स-रेच्या सावलीत ते झाकलं गेलं होतं, सिटीच्या पातळ कापांत सापडलं. आणि त्याच हाडामुळे मला श्वास धरता आला नव्हता, म्हणून डागाचं उत्तर मिळालं नव्हतं. बरगडीवर आराम आणि वेदनाशामक यापलीकडे वेगळा उपचार निघाला नाही. पण आपलं दुखणं मनाचे खेळ नव्हते, एवढ्यानेही मला रडू आलं.

सिटीच पुन्हा का करू नये, हे मी डॉक्टरांना विचारलं. उत्तर सरळ होतं. किरणांचा डोस मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. छातीचा साधा एक्स-रे साधारण ०.१ मिलिसीव्हर्टचा असतो, पोटाच्या सिटीची एक फेज ८ ते १० च्या आसपास, आणि तीन फेज म्हणजे त्याच्या पटीत. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. गरज असेल तेव्हा सिटी करायचाच, ती भीती धरून टाळू नये, हेही त्यांनी बजावलं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर किरणांशिवाय आणि जास्त खात्रीने मिळू शकतं, त्यासाठी परत तोच डोस कशाला.

मग कागदपत्रांचा आठवडा. विमा कंपनीची एमआरआयसाठी आधी मंजुरी लागत होती. २८ जानेवारीला अर्ज केला, ३० तारखेला तो परत आला, कारण सिटी झालेला असताना एमआरआय का, याचं पत्र जोडलेलं नव्हतं. सिटी रिपोर्टमधल्या शेवटच्या ओळीवर खूण करून, डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडून पुन्हा पाठवला. ३ फेब्रुवारीला मंजुरी आली. खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगते, माझ्या बिलांमध्ये सोनोग्राफी एक धरली तर सिटी तिच्या पाचपट आणि एमआरआय जवळजवळ आठपट होता. दोन्हीकडे कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे लावले होते, आणि मंजुरीच्या पहिल्या अर्जात ते धरायचे राहिले होते. एकूण रक्कम विचारताना 'कॉन्ट्रास्ट धरून का' हे विचाराच.

तारीख पक्की करायला एमआरआय केंद्रातून फोन आला तेव्हा मी त्या बाईंना सिटीत काय झालं ते सांगितलं. त्यांनी मला या सगळ्या प्रवासातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. "आमच्याकडे श्वास सोडून थांबायचं असतं, घेऊन नाही. पंधरा ते वीस सेकंद, पंधरा-वीस वेळा. घरी आडवं पडून सराव करा." श्वास सोडल्यावर पोटातले अवयव दर वेळी जवळजवळ त्याच जागी येऊन थांबतात, भरून घेतल्यावर तितके नेमके येत नाहीत. शिवाय मोडलेल्या बरगडीला श्वास सोडणं सोपं. पहिल्या रात्री मी नऊ सेकंद थांबू शकले. ताई घड्याळ धरून शेजारी बसायची. ८ तारखेपर्यंत बावीस सेकंद जमले.

९ फेब्रुवारीला सिटीची सीडी घेऊन गेले. तिच्यावर माझं आडनाव लघुरूपात होतं आणि इथल्या नोंदीत पूर्ण, त्यामुळे जुनी चित्रं नव्या फाइलला जोडायला वीस मिनिटं गेली. सगळीकडे ओळखपत्रावरचंच नाव द्या, अक्षरन्‌अक्षर.

धातूबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, औषधाचा पॅच, गोंदण. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला केसातली पिन आठवली. एमआरआय यंत्रातलं लोहचुंबक कायम चालू असतं, रात्रीसुद्धा. आतली तारेची गुंडाळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर ठेवलेली असते. तिथे विजेला अडथळाच राहत नाही, म्हणून प्रवाह वाहतच राहतो. माझं यंत्र १.५ टेस्लाचं होतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट.

शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याच्या अणूचा गाभा म्हणजे एक प्रोटॉन, आणि तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. त्या मोठ्या चुंबकीय क्षेत्रात हे प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलतात, १.५ टेस्लाला सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. क्षेत्राच्या दिशेने झुकलेले आणि उलट झुकलेले एकमेकांना जवळपास फेडून टाकतात. शिल्लक राहते ती दहा लाखांमागे जेमतेम पाचांची. एवढ्याशा शिलकेवर सगळं चित्र उभं राहतं, हे वाचून मी थक्क झाले होते. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर दिली की ही शिल्लक कलते, आणि लहर थांबली की परत जागेवर येताना स्वतःचा क्षीण रेडिओसंदेश देते. पोटावर ठेवलेली चपटी कॉइल तो ऐकते. संदेश कुठून आला हे कळण्यासाठी क्षेत्र एका बाजूला किंचित तीव्र, दुसरीकडे किंचित सौम्य करतात, म्हणजे प्रत्येक जागेचा सूर वेगळा होतो. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. २००३ चं नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं. ते क्षेत्र भराभर बदलणाऱ्या गुंडाळ्या थरथरतात, आणि तोच तो ठोकल्यासारखा प्रचंड आवाज. काही मोडत नसतं. कानात बोळे आणि वर हेडफोन देतात. दोन्ही घ्या.

मला बंद जागेची भीती वाटते, ते आधीच सांगितलं होतं. डोळ्यांवर दुमडलेला रुमाल ठेवायला दिला, हातात दाबायचा रबरी फुगा. मी बोगद्यात जाण्यापूर्वीच डोळे मिटले आणि बाहेर येईपर्यंत उघडले नाहीत. छत किती जवळ आहे हे मी अजूनही पाहिलेलं नाही. आतमध्ये काम एकच होतं: 'श्वास घ्या, सोडा, थांबा.' मग ठोके, आणि मनात ताईच्या घड्याळाचे आकडे. शेवटी गॅडोलिनियमचं, म्हणजे एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं, इंजेक्शन, त्याची गरम लाट मला आली नाही. गॅडोलिनियम स्वतः चित्रात उमटत नाही. त्याच्या शेजारच्या पाण्यातले प्रोटॉन त्याच्यामुळे लवकर जागेवर येतात आणि ती जागा उजळते. एकदा माझा श्वास अठराव्या सेकंदाला सुटला. लगेच हेडफोनमध्ये आवाज आला, "चालेल, मिळालं आहे." चाळीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा पाठ घामाने भिजली होती.

११ फेब्रुवारीला डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. टी-टू प्रकारच्या चित्रात यकृत गडद राखाडी, आणि उजवीकडे एक दिव्यासारखा पांढरा ठिपका. संथ साचलेलं रक्त त्या चित्रात जवळजवळ पाण्यासारखं उजळ दिसतं. पुढच्या चित्रांत तोच ठिपका कडेने भरत भरत आतपर्यंत पोचताना दिसत होता, एकही चित्र हललेलं नव्हतं. हिमॅन्जिओमा. सुई घालून तुकडा तपासायची गरज नाही, औषध नाही, सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी. ताईने वही मिटली आणि माझा हात धरला. आम्ही दोघी खूप वेळ तिथल्या बाकावर नुसत्या बसून होतो.

१२ ऑगस्टला ती सोनोग्राफी झाली. १८ मिमी. जानेवारीच्या १९ शी तुलना करून रेडिओलॉजिस्ट म्हणाल्या की एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे मोजण्यातच होतात, याला बदल धरत नाहीत. मोठा श्वास घेऊन धरायला सांगितलं तेव्हा बरगडी दुखली नाही. सगळ्या सीडी आणि रिपोर्ट आता एका पाकिटात आहेत, वर तारखा आणि 'यकृत, उजवी बाजू, हिमॅन्जिओमा' असं लिहून. पुढेमागे कुठल्याही कारणाने पोटाची सोनोग्राफी झाली आणि कुणाला ती वेगळी जागा दिसली, तर हे पाकीट आधी टेबलावर ठेवायचं.